पुलाचं छप्पर

छपरावर पाऊस वाजत होता आणि पायाखाली नदी. वरचा आवाज तडतडत यायचा, विरायचा, पुन्हा यायचा. खालचा मात्र एकाच पट्टीत चाललेला. मधे आम्ही, कोरडे. मुलगा मोबाइलवर पुढच्या तासाभराचा पाऊस बघत होता, सून नातवाच्या जॅकेटची चेन ओढत होती आणि मी मान वर करून वासे बघत होते. कोकणात वाढलेल्या माणसाची ही खोड जात नाही. घर असो, देऊळ असो, धर्मशाळा असो, पाऊल आत टाकलं की आधी नजर वर जाते. आढं कसं बसवलंय, पाखं किती उतरतंय, आणि मुख्य म्हणजे गळतंय कुठं.

इथं गळत नव्हतं. आणि हे छप्पर होतं एका पुलाचं. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात न्यू हॅम्पशर नावाचं राज्य आहे, त्यात कंटूकुक नावाचं लहानसं गाव, त्याच नावाच्या नदीकाठी. बॉस्टन अँड मेन रेल्वेनं १८८९ साली तिथं लाकडाचा पूल बांधला, दोन्ही अंगांना फळ्या मारून भिंती केल्या, वर छप्पर चढवलं, आणि त्या बोगद्यासारख्या लाकडी घरातून सत्तरेक वर्षं आगगाड्या धावल्या. छपराचे रेल्वे-पूल आता जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, त्यातला हा सर्वांत जुना. रूळ गेलेत. शेजारचं स्टेशन गावानं जपून ठेवलंय. पुलातून लोक चालत जातात, कुत्री फिरवतात, आणि पाऊस आलाच तर आमच्यासारखे थांबतात.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवते ती उंची. रस्त्यावरचे छपराचे पूल ठेंगणे असतात. गवतानं लादलेली गाडी गेली म्हणजे झालं. इथं इंजिनाचं धुराडं जायचं होतं. म्हणून छप्पर एखाद्या देवळाच्या सभामंडपाहून उंच, आणि वर अंधार. मग बाजूच्या भिंती दिसू लागतात. त्या नुसत्या भिंती नाहीत. जाड फळ्या तिरप्या रोवलेल्या, त्यांच्यावर उलट्या दिशेनं तिरप्या दुसऱ्या, फुलीवर फुली, टोकापासून टोकापर्यंत. प्रत्येक फुलीच्या छेदावर लाकडाच्या खुंट्या ठोकलेल्या. रेल्वेचं वजन मोठं म्हणून ही जाळी दुहेरी, एकामागे एक. पूल उभा आहे तो या जाळीच्या जोरावर. बाहेरच्या फळ्या आणि वरचं छप्पर हे तिचं पांघरूण. दीडशे फुटांहून थोड्या जास्त लांबीची ही सुतारकी बघताना मला आमच्या गावचे सुतारकाका आठवत राहिले. गिरमिटानं भोक पाडून त्यात खुंटी बसवताना ते कानाजवळ हात नेऊन ऐकायचे. ठोक्याचा आवाज बदलला की खुंटी बसली. या पुलात किती हजार वेळा कुणीतरी तसं ऐकलं असेल.

छपराचे पूल म्हटलं की आपल्याकडच्या बहुतेकांना आठवतो तो १९९५ सालचा, क्लिंट ईस्टवुड आणि मेरिल स्ट्रीपचा ‘द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी’. ते पूल आयोवातले. त्या सिनेमानं आणि त्याआधीच्या कॅलेंडरांनी या पुलांना एक गुलाबी रंग चढवलाय. न्यू हॅम्पशरमध्ये असे पन्नासच्या वर पूल आहेत, प्रत्येकाला राज्यानं क्रमांक देऊन पाटी लावलीय. ऑक्टोबरात मेपलची पानं लाल झाली की गाड्या भरभरून लोक येतात, पुलाच्या तोंडाशी उभे राहून फोटो काढतात. प्रेमिकांनी अंधाराचा फायदा घ्यायचा पूल अशीही त्यांची जुनी ख्याती. असू दे. मला त्यांतले रेल्वेचे पूल जास्त आवडले, कारण त्यांच्यावर असलं काही लादता येत नाही. रेल्वे कंपनी प्रेमिकांसाठी छप्पर घालत नसते.

मग कुणासाठी? सूनबाईंनी तिथंच विचारलं होतं, “आई, हे बर्फापासून प्रवाशांचं रक्षण व्हावं म्हणून असेल ना?” सगळ्यांना तसंच वाटतं. कुणी म्हणतं, घोडे खाली वाहतं पाणी बघून बुजायचे, म्हणून भिंती. कुणी म्हणतं, वादळात वाटसरूला आसरा. या उत्तरांमध्ये माणूस केंद्रस्थानी आहे, आणि म्हणूनच ती चुकीची आहेत. छप्पर लाकडासाठी आहे. उघडा लाकडी पूल दहा-पंधरा वर्षांत कुजू लागतो. पाणी सांध्यांत शिरतं, तिथंच मुरतं, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी तुळई आतून भुसा होते. तोच पूल झाकला तर शंभर वर्षं जातो, दीडशेही जातो. मोठमोठ्या किमती तुळयांवर स्वस्तातल्या फळ्यांचं आवरण घालायचं, पाऊस त्या फळ्यांनी सोसायचा, त्या सडल्या की काढून नव्या मारायच्या. सगळं गणित एवढंच.

अमेरिकेतला पहिला छपराचा पूल फिलाडेल्फियात १८०५ साली उभा राहिला. टिमथी पामर नावाच्या कारागिरानं तो बांधला, आणि झाकण्याचा आग्रह धरला पूल-कंपनीचे प्रमुख असलेल्या रिचर्ड पीटर्स या न्यायाधीशांनी. कवीनं नाही, चित्रकारानं नाही. न्यायाधीशानं, ज्याला भागधारकांना हिशेब द्यायचा होता. मला हे फार आवडतं.

आणि बर्फाची तर गंमतच. हिवाळ्यात सगळी वाहतूक बिनचाकी घसरगाड्यांवर चालायची. त्यांना खाली बर्फ लागतो. छपरामुळे पुलात बर्फ नाही, मग गाडी फळ्यांवर खरडणार. त्यामुळे गावं पैसे देऊन माणूस नेमायची, आणि तो बाहेरचा बर्फ फावड्यानं उचलून पुलात आणून पसरायचा. छप्पर घालून बर्फ बाहेर ठेवायचा आणि मग मजुरी देऊन तोच आत आणायचा! हसू येतं, पण हिशेबाची वही उघडली तर तेही बरोबरच निघतं. एका माणसाची हिवाळ्याची मजुरी आणि नवा पूल, यांत स्वस्त काय?

आमच्याकडे पूल झाकत नसत. आमच्याकडे साकव असे. पावसाळा सरला, ओहोळाचं पाणी उतरलं की वाडीतले पुरुष पोफळीची खोडं, बांबू, वेल आणून साकव घालत. एका दिवसाचं काम, आणि त्या दिवशी कुणाच्या तरी घरी सगळ्यांचं जेवण. पुढच्या आषाढात तो वाहून जाई. त्याचं कुणाला दुःख नसे, तो जायचाच होता. झाकत आम्ही घर. मिरगाच्या आधी मातीच्या भिंतींना माडाच्या झापांच्या झडी बांधायच्या, की मग चार महिने घरात अंधार आणि दमट वास, पण भिंत शाबूत. कंटूकुकच्या पुलात मला तो झडीमागचा अंधार बरोबर ओळखू आला. तिथंही आतल्या माणसाच्या सोयीचा विचार नव्हता. जपायची होती ती भिंत.

पण साकव दरवर्षी घालता येतो, कारण रानात पोफळी आहे आणि वाडीत हात आहेत. न्यू हॅम्पशरची नदी वर्षातले काही महिने गोठते, मग वसंतात बर्फाचे मोठमोठे पत्रे फुटून खाली धावतात आणि वाटेतलं सगळं कापत नेतात. तिथं वर्षाला एक पूल परवडत नाही. शिवाय ही माणसं काटकसरी म्हणून सगळ्या अमेरिकेत प्रसिद्ध. खडकाळ जमीन, आखूड उन्हाळा. जुनं टाकायचं नाही, वापरायचं, ठिगळ लावायचं, नाहीतर त्याशिवाय भागवायचं. या पुलांचं सौंदर्य म्हणून जे आज कॅलेंडरवर छापलं जातं ते मला या कंजुषीतून उगवलेलं वाटतं. कुणी सुंदर करायला गेलं नव्हतं. पैसा पुन्हा खर्चायला लागू नये एवढीच धडपड होती, आणि ती इतक्या मनापासून केली की तिला रूप आलं.

त्या फुल्यांच्या जाळीची गोष्टही पैशाचीच. इथिएल टाउन नावाचा कनेटिकटमधला वास्तुविशारद, त्यानं १८२० साली तिचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या लाकडी पुलांना जाडजूड ओंडके लागत, कमानी लागत, मुरलेला मिस्त्री लागे. टाउननं म्हटलं, नुसत्या फळ्या घ्या. सगळ्या एकाच मापाच्या, कुठल्याही लाकूडगिरणीत मिळणाऱ्या. तिरप्या ठेवा, भोकं पाडा, खुंट्या ठोका. गावचा सुतार करू शकेल. पूल तो स्वतः फारसे बांधत नसे, हक्क विकत असे: फुटामागे एक डॉलर. आणि न विचारता बांधलेला सापडला तर फुटामागे दोन. बिनपरवानगी पूल मोजत फिरणारी त्याची माणसं मी डोळ्यांपुढे आणते. हातात टेप, खिशात पावतीपुस्तक. हॅवरहिल आणि बाथ या दोन गावांमधला १८२९ सालचा पूल याच जाळीचा आहे. अमोनूसक नदीवर आजही उभा. १९९९ पर्यंत त्यावरून मोटारी जात होत्या. म्हणजे आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तेव्हा हा पूल चोवीस वर्षांचा होता.

रेल्वेनं ही जाळी उचलली यात नवल नाही. नवल हे की ती सोडली नाही. लोखंड आलं, पोलाद आलं, सगळी अमेरिका पोलादी पूल उभारू लागली, आणि बॉस्टन अँड मेनचे लोक न्यू हॅम्पशरच्या रानात स्प्रूसच्या फळ्यांना खुंट्या ठोकत राहिले. त्यांचा पुलांचा इंजिनिअर होता जोनाथन पार्कर स्नो. त्याचं म्हणणं अगदी साधं. लाकूड इथलंच, म्हणून स्वस्त. पूल दुरुस्त करायला कंपनीचेच सुतार पुरतात. आणि नीट बांधून झाकलेला लाकडी पूल आपलं काम चोख करतो. १८९५ साली त्यानं अभियंत्यांच्या एका नियतकालिकात यावर लेखच लिहिला. जुन्याच्या प्रेमात पडलेला माणूस तो नव्हता. आकडेमोड करून तो लाकडाकडे आला होता.

त्या काळात लोखंडाची धास्तीही होती. १८७६ च्या डिसेंबरात ओहायोतल्या अ‍ॅश्टब्युलाला बर्फाच्या वादळात लोखंडी पूल गाडीखाली कोसळला आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली. दहा वर्षांनी बॉस्टनजवळ आणखी एक लोखंडी पूल पडला. लोखंडाच्या आतली चीर बाहेरून दिसत नाही. लाकूड बिचारं आधी कुरकुरतं, वाकतं, सांगतं. पण लाकडाचा कैवार घेताना व्हरमाँटमधल्या हार्टफर्डचा अपघात विसरून चालणार नाही. १८८७ च्या फेब्रुवारीतली रात्र, गाडी पुलावर घसरली, डबे गोठलेल्या नदीवर जाऊन पडले, डब्यांतल्या शेगड्या आणि तेलाचे दिवे उलटले. डबे पेटले, त्यांच्या ज्वाळांनी वरचा लाकडी पूल पेटला. तीसहून अधिक माणसं मेली. लाकडाच्या बोगद्यातून कोळशाचं इंजिन ठिणग्या उडवत न्यायचं, यात जोखीम होतीच, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. व्हरमाँटमध्येच वॉलकट गावी १९०८ सालचा एक रेल्वे-पूल आहे, त्याच्या छपराच्या आढ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धूर जायला दुसरं छोटं छप्पर काढलंय. आपल्या चुलीवरच्या धुराड्याची आठवण व्हावी असं.

गाड्यांवर काम करणाऱ्यांना छपराची निराळी भीती. तेव्हा मालगाडीचे ब्रेक हातानं लावायचे असत, आणि त्यासाठी ब्रेकमन धावत्या डब्यांच्या टपांवरून चालत जाई. रात्र, पाऊस, टपावर बर्फाचा थर. समोरून पुलाचं तोंड आलं तर वेळेत वाकायला हवं. म्हणून ठेंगण्या पुलांच्या आणि बोगद्यांच्या अलीकडे रुळांवर आडवी दांडी उभारून तिला दोऱ्या लोंबत सोडलेल्या असत. अंधारात दोऱ्यांचा फटका अंगाला बसला की माणसानं लगेच आडवं व्हायचं. या पुलांच्या गोड गोष्टींमध्ये त्या दोऱ्या कुणी सांगत नाही.

न्यूपोर्टच्या बाजूला शुगर नदीकाठी असे दोन पूल पाठोपाठ आहेत. राइट ब्रिज आणि पिअर ब्रिज, दोन्ही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. राइट बंधूंचं विमान उडवून झालं होतं, आणि इथं बॉस्टन अँड मेन अजून लाकडी जाळ्या विणत होती. पिअर ब्रिज दोनशेहून अधिक फूट लांब. मधे नदीत दगडी खांब, त्यावरून हे नाव. या जातीच्या रेल्वे-पुलांमध्ये तो जगात सर्वांत लांब. रूळ उखडून तिथं आता पायवाट केलीय. उन्हाळ्यात सायकली, हिवाळ्यात बर्फावर धावणाऱ्या मोटारगाड्या. आम्ही गेलो तेव्हा कुणीच नव्हतं. रानातून चालत जाताना वळणावर अचानक एवढं मोठं, काळं, बिनखिडक्यांचं काहीतरी पुढ्यात उभं राहतं. नातू माझ्यामागे लपला. त्याला मी हसले नाही, कारण माझीही पावलं थबकली होती. आत शिरलं की पायांचा आवाज फळ्यांवर घुमतो, बोललेलं अंगावर परत येतं, आणि फटींतून येणारा उजेड दुहेरी जाळीवर पडून चौकटी अशा काही तुटतात की भिंत कुठं संपते तेच कळत नाही. मुलानं खुंट्या मोजायला घेतल्या आणि लवकरच सोडून दिल्या.

कंटूकुकच्या पुलानं तर दोनदा जागा सोडली. १९३६ चा महापूर आणि १९३८ चं चक्रीवादळ, दोन्ही वेळा नदीनं त्याला काठाच्या दगडांवरून उचललं. उचललं, पण मोडलं नाही. एवढ्या खुंट्यांनी बांधलेली जाळी एखाद्या मोठ्या करंडीसारखी अख्खीच्या अख्खी सरकली, आणि रेल्वेनं ती ओढून पुन्हा बसवली. गाड्या बंद पडल्यावर पुलाचं करायचं काय, हा प्रश्न आला. उत्तर पुन्हा त्या प्रदेशाला शोभणारं: छप्पर आहे, भिंती आहेत, मग गोदाम करा. काही वर्षं तो नदीवर टांगलेलं गोदाम होता. पुलाला जगवायला छप्पर घातलं होतं. पूल म्हणून त्याचं काम संपलं, आणि त्या छपरानंच त्याला पुन्हा पोटापाण्याला लावलं. आज अभिमानानं दाखवण्याची वस्तू होईपर्यंत तगून राहिला तो असा.

सगळ्यांचं असं झालं नाही. पाण्यातून वाचलेले पूल काडीपेटीनं नेले. गॉफ्सटाउनचा रेल्वे-पूल १९७६ साली जळला, हिल्सबरोचा १९८५ साली. १९९३ च्या वसंतात तर एका पाठोपाठ तीन रस्त्याचे पूल गेले: स्वान्झीचा, प्लिमथचा, न्यूपोर्टचा. सगळे लावलेल्या आगीत. दीडशे वर्षं सुकत आलेलं लाकूड, चारी बाजूंनी बंद, खालून वारा. पेटायला वेळ लागत नाही. आपलं काय नुकसान केलं होतं त्या पुलांनी, असं वाटून मी बराच वेळ गप्प होते. मग मुलानं न्यूपोर्टच्या पुलाचं पुढचं सांगितलं. अर्नल्ड ग्रेटन नावाचा त्याच राज्यातला पूल बांधणारा, त्याचे वडील मिल्टनही याच कामातले. त्यानं वर्षभरात जुन्याच पद्धतीनं, फळ्या आणि खुंट्यांनी, नवा पूल काठावर जोडला, आणि बैल जुंपून तो नदीपार ओढला. १९९४ साली. क्रेन मिळत नव्हती असं थोडंच होतं! बैलांना थांब म्हटलं की ते थांबतात, हळू म्हटलं की हळू चालतात. एवढ्या लांब लाकडी सांगाड्याला झटका बसून चालत नाही. बघायला गावचं गाव लोटलं असणार यात मला शंका नाही. शंभर वर्षांपूर्वी हेच दृश्य रोजच्या कामातलं होतं, तेव्हा कुणी वळून पाहिलं नसेल.

फ्रँकलिनमध्ये एक जळका पूल मात्र तसाच उभा आहे. सल्फाइट ब्रिज. कागदाच्या लगद्याच्या गिरण्यांना लागणारं गंधक त्यावरून जाई, त्यावरून नाव. हा उलटा छपराचा पूल होता: रूळ वरती, छपराच्या जागी, आणि झाकलेली लाकडी चौकट त्यांच्या खाली. गाडी बाहेर उघड्यावर आणि पूल आत. छप्पर कुणासाठी असतं या प्रश्नाचं याहून सरळ उत्तर कुठं मिळणार? १८९६-९७ चं हे काम १९८० साली पेटलं. बाहेरच्या फळ्या जळून गेल्या, आतले जाड ओंडके कोळपून राहिले. काठाकाठानं जाणाऱ्या वाटेवरून तो काळा सांगाडा दिसतो. आता त्याच्यावर पाऊस पडतो, बर्फ साचतो. आवरण गेलेल्या लाकडाला किती वर्षं मिळतात हे स्नोच्या कंपनीला ठाऊक होतं. त्या मानानं तो बराच हट्टी निघाला.

लिंकन गावी एक पूल अजून गाडी सोसतो. तो मूळचा व्हरमाँटचा. १९०४ मध्ये बांधलेला, मग सुटा करून, तुकडे वाहून आणून इथं पुन्हा उभा केलेला. पर्यटकांना घेऊन वाफेचं इंजिन त्यातून शिट्टी मारत जातं. नातवाला तोच सर्वांत आवडला. आइस्क्रीमही मिळतं तिथं.

शेवटी आम्ही कॉर्निशला गेलो. हा रेल्वेचा नाही, रस्त्याचा. पण त्याला टाळून कसं चालेल? कनेटिकट नदीवर साडेचारशे फुटांच्या आसपास लांबीचा, दोनच गाळ्यांचा लाकडी पूल. इकडे न्यू हॅम्पशरमधलं कॉर्निश, पलीकडे व्हरमाँटमधलं विंडसर. या जागी याआधी तीन पूल झाले, १७९६, १८२४ आणि १८४९ चे. तिसरा १८६६ च्या मार्चमधल्या पुरात गेला, आणि त्याच वर्षी चौथा उभा राहिला, नऊ हजार डॉलरमध्ये. जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर या दोघांनी तो विंडसरच्या एका कुरणात आडवा पसरून जोडला, बरोबर बसतोय याची खात्री केली, मग सोडवून नदीवर आणून पुन्हा जोडला. टास्करला लिहिता-वाचता येत नव्हतं असं सांगतात. तोंडाशी जुनी पाटी आहे: घोडे चालवत न्या, दौडवाल तर दोन डॉलर दंड. टापांच्या तालाची हादरणी पुलाला मानवत नसे. आम्ही मोटारीनं गेलो, पण मुलानंही वेग आपोआप कमी केला. १९४३ पर्यंत इथं टोल होता. आणि नदी सगळी न्यू हॅम्पशरची, सीमा थेट पलीकडच्या काठाच्या पाण्याशी. हे सुप्रीम कोर्टानं १९३० च्या दशकात ठरवलं. त्यामुळे पूलही जवळजवळ सगळा न्यू हॅम्पशरचा, आणि दुरुस्तीचं बिलही. व्हरमाँटवाले त्यावर मिशीत हसतात म्हणे.

पण त्या दिवसात माझ्या मनात घर करून बसला तो याच्यापासून थोड्या अंतरावरचा, मिल ब्रुक नावाच्या ओढ्यावरचा टास्करचाच दुसरा पूल. ब्लॅकस्मिथ शॉप ब्रिज. १८८१ साली ८७३ डॉलरमध्ये झालेला. पलीकडे तेव्हा एकच कुटुंब राहत होतं. एका घरासाठी पूल! आणि तोही झाकलेला. या भागात गावचा खर्च मार्चमधल्या सभेत ठरतो. सगळे मतदार सभागृहात जमतात आणि हात वर करून मंजूर-नामंजूर करतात. ती सभा मला आमच्या ग्रामपंचायतीच्या आवाजात ऐकू येऊ लागली. एका घरासाठी आठशे डॉलर? कर ते पण भरतात की. मग त्यांनी बांधावा. ओढ्याला पाणी आलं की त्यांची पोरं शाळेला कशी येणार, तुम्ही खांद्यावर आणणार? बरं बांधा, पण छप्पर कशाला, तेवढे तरी वाचवा. छप्पर नाही घातलंत तर दहा वर्षांनी हीच सभा पुन्हा भरेल, याच ओढ्यासाठी. मागच्या बाकावरून कुणीतरी खोकलं असेल. टास्कर भिंतीला टेकून उभा असेल, मनात फळ्यांचा हिशेब मांडत. हात वर गेले असतील, कुरकुरत. आणि सभा उठता उठता एखाद्यानं विचारलं असेल, रंग द्यायचा का? त्याला मात्र कुणी हात वर केलेला दिसत नाही. पूल आजतागायत बिनरंगाचा आहे.